तेरेखोलच्या दोन तीरांवर मतदान: गावात पक्ष नेमका कुठे असतो?

सातार्डेकर (मूळ धागा)

ग्रामपंचायतींचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्षाचा दावा छापून येतो, जिल्ह्यात आमचे इतके सरपंच. या आकड्यांची बेरीज कधी जुळत नाही आणि जुळणारही नाही, कारण महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवलीच जात नाही. यंत्रावर कपबशी, छत्री, शिट्टी अशी मुक्त चिन्हं असतात. कायद्याच्या दृष्टीने निवडून आलेला माणूस कुठल्याच पक्षाचा नसतो.

तरी गावात घराघराला पक्ष चिकटवलेला आहे. "ते अमक्याचे." एकदा हे ठरलं की पाखाडीचं काम असो, नळाची जोडणी असो, विहिरीचा गाळ असो, आधी तो हिशेब. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या सातार्ड्याचा तेरेखोल नदीवरचा पूल ओलांडला की गोवा. भाषा तीच, देवाला कौल लावायची रीत तीच, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. माझी पुतणी लग्न होऊन पेडण्यात गेली. तिथलं पंचायतीचं मतदान करून आली आणि फोनवर म्हणाली, "काका, माका एकच मत घालूक गावला. सरपंचाचा मत खंय घालूचा?" तिला माहेरची सवय. इकडे आपण सरपंचाचं बटण वेगळं दाबतो, प्रभागाच्या सदस्यांची वेगळी. तिकडे सरपंच मतदार निवडतच नाहीत. मधे फक्त एक नदी, आणि मत मोजायची, माणूस निवडायची, पक्ष दाखवायची किंवा लपवायची रीत एकदम वेगळी.

तुमच्या गावात, तालुक्यात, राज्यात, परदेशात असाल तर तिथे, हे कसं चालतं ते लिहा. आणि माझा मुख्य प्रश्न: सदस्याला पक्ष असणं समजू शकतो, पण *मतदाराला* पक्ष कुणी लावला?

पेडणेची वहिनी

सातार्डेकर, तुमच्या पुतणीला सांगा, तिचं मत पुरं झालं, काही राहिलं नाही. गोव्यात एका प्रभागातून एकच पंच. निवडून आलेले पंच बसतात आणि आपल्यातून सरपंच, उपसरपंच ठरवतात. 1994 चा गोवा पंचायत राज कायदा आहे त्याचा. 2022 ला आम्ही कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारला.

पंचायतीला पक्ष नाही, तुमच्यासारखंच. पालिकांची 2021 ची निवडणूकही पक्षाच्या चिन्हावर नव्हती, पॅनेलं होती. जिल्हा पंचायतीला मात्र पक्षाची चिन्हं असतात. आणि आमच्याकडे तुमची पंचायत समिती नाहीच, गाव आणि जिल्हा, दोनच पायऱ्या.

आता यातली दुखरी गोष्ट. सात पंचांची पंचायत असेल तर चार पंच फिरले की सरपंच गेला. अविश्वास ठराव, नवा सरपंच, पुन्हा काही महिन्यांनी तेच. पक्ष कागदावर नसल्यामुळे पक्षांतराचा कायदा लागत नाही. म्हणजे पंचाला कुणीही कधीही ओढावं. आमदार कुठल्या पक्षाचा यावर सरपंच बदललेले मी पाहिलेत. चिन्ह नाही म्हणून पक्ष नाही, असं म्हणायला मी धजणार नाही.

निवृत्त ग्रामसेवक, संगमेश्वर

महाराष्ट्राचं नीट सांगतो, कारण यात लोकांचा फार गोंधळ होतो.

कायदा 1958 चा. ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य. एका प्रभागातून दोन किंवा तीन, म्हणून तुम्ही प्रभागात जितक्या जागा तितकी मतं देता, शिवाय सरपंचाचं. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. सरपंच थेट जनतेतून निवडायचा निर्णय 2017 चा. 2020 ला तो रद्द झाला, सरपंच पुन्हा सदस्यांतून. 2022 ला पुन्हा थेट. म्हणजे एकाच गावात लागोपाठच्या निवडणुकांत नियम वेगळा, राज्य तेच असूनही! जागा बदलली की नियम बदलतो हे ठीक, पण इथे सरकार बदललं की नियम बदलला. याची किंमत गावाने मोजली. 2020 नंतर सदस्यांतून निवडलेला सरपंच आणि शेजारच्या गावात थेट निवडलेला, दोघांचे अधिकार सारखे, पण एकाला सदस्यांची मनं सांभाळावी लागतात आणि दुसऱ्याला सगळ्या गावाची.

थेट सरपंचाला काढायचं तर तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान. हे मला योग्य वाटतं. ज्यांनी बसवलं त्यांनीच उठवावं.

पक्षाचं म्हणाल तर जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद इथे चिन्ह आहे, म्हणून 1986 चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदाही आहे. तिथे गटनेता पक्षादेश काढतो, मोडला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण. ग्रामपंचायतीत असला आदेश काढायची सोयच नाही. अनेक सदस्यांना हे माहीत नसतं. मी नोकरीत असताना "वरून आदेश आलाय" म्हणून घाबरलेले सदस्य पाहिलेत. त्यांना मी एवढंच सांगायचो की कायद्यात तुमच्यावर कुणाचाही आदेश नाही, हात कुठे वर करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

कारवारकर

आमच्याकडे कर्नाटकात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह कायद्यानेच नाही. तालुका आणि जिल्हा पंचायतीला आहे. अध्यक्ष सदस्यांतून निवडतात, गोव्यासारखं. माजाळी ओलांडून काणकोणात गेलात तर फारसा फरक जाणवणार नाही. कोण कुणाचा ते मात्र चहाच्या दुकानात सगळ्यांना पाठ.

वाडीवरचा

मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मतदाराला पक्ष कुणी लावला? माझ्या मते मतमोजणीने लावला.

आपल्याकडची वस्ती बघा. एक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. मतदाराला फार चालावं लागू नये म्हणून केंद्रं जवळ जवळ दिलेली, त्यामुळे एका केंद्रावर कधी कधी दोनच वाड्या येतात. ही सोय आवश्यकच आहे, म्हाताऱ्या माणसांनी घाटी चढून जायची का? पण मतमोजणी केंद्रवार होते आणि आकडे केंद्रवार जाहीर होतात. विधानसभेलासुद्धा. निकालाच्या संध्याकाळी सगळ्यांना कळतं की वरच्या वाडीने कुणाला किती मतं दिली. मत गुप्त राहिलं, पण वाडी उघडी पडली.

मग साकव, म्हणजे छोटा पूल, कुठल्या ओढ्यावर आधी बांधायचा हे ठरतं. आमच्या वाडीचा साकव दोन पावसाळे अडला होता. मुलं ओढा उतरला की शाळेत, चढला की घरी. कारण कुणी तोंडाने सांगितलं नाही, पण आकडे सगळ्यांनी वाचलेले होते.

पूर्वी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज वाटेल तिथे मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळायची तरतूद नियमांत होती. यंत्रं आली आणि ते संपलं. निवडणूक आयोगाने 2008 मध्ये टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं होतं. ते बऱ्याच केंद्रांची मतं एकत्र मोजतं आणि फक्त बेरीज दाखवतं. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. अजून ते आलेलं नाही. शहरातल्या माणसाला याचं महत्त्व कळणार नाही, तिथे केंद्रावर कोण कुणाला ओळखतं? पण कोकणातल्या वाडीला हे यंत्र रस्त्याइतकंच हवं आहे.

सातार्डेकर

वाडीवरचे दादा, हे मी कधी या अंगाने पाहिलं नव्हतं. निकालाचा तक्ता लोक किती बारकाईने वाचतात हे मात्र लहानपणापासून बघतोय.

गुहागरची लेक, न्यू जर्सी

मी इथे नागरिक झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज भरला तर त्यात चक्क पक्षाचा रकाना! डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, इतर, किंवा कुठलाच नाही. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच, "सरकारी कागदावर पक्ष लिहिलास?"

हा रकाना प्राथमिक निवडणुकीसाठी असतो, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्यासाठी. आपल्याकडे तिकीट वरून येतं. इथे ते मतदार ठरवतात, म्हणून त्या पक्षाचा मतदार कोण हे आधी ठरावं लागतं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र नोंद कुठलीही असली तरी मत कुणालाही देता येतं. हे नवीन आलेल्या आपल्या लोकांना कळत नाही. ते समजतात की एकदा लिहिलं म्हणजे बांधले गेलो.

आणि नियम राज्याराज्यांत वेगळे. न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेला माणूस प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर पक्ष जाहीर करून मत देऊ शकतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर निवडणुकीच्या 55 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. डेलावेअर नदीच्या पलीकडे पेनसिल्वेनियात पक्षाची नोंद नसेल तर पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मतच नाही. माझी नणंद टेक्ससमध्ये आहे, तिथे नोंदणीत पक्ष नाहीच. त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागायची, मात्र फेरमतदान झालं तर त्याच पक्षात. कॅलिफोर्नियात अमेरिकी संसदेच्या आणि राज्याच्या पदांसाठी सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, पहिले दोन पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही.

तुम्ही गावात ज्याने त्रासलात ते इथे उघड आहे. मतदार यादीत पक्षाची नोंद असते आणि राजकीय पक्षांना ती यादी मिळते. कुणाला मत दिलं ते गुप्त. पण माझ्या रस्त्याचा खड्डा बुजवायला कुणी माझा पक्ष विचारलेला नाही. म्हणून मला वाटतं, पक्ष कळणं हा प्रश्न नाही, कळल्यावर साकव अडवता येतो हा प्रश्न आहे.

वाडीवरचा

ताई, शेवटचं वाक्य पटलं. पण ज्याच्या हातात साकव आहे त्याला आम्ही बदलू शकत नाही, म्हणून निदान आमचा आकडा तरी झाका एवढंच म्हणणं आहे.

मोकळा विचार, अलिबाग

मला उलट वाटतं. ग्रामपंचायतीलाही चिन्ह द्या. केरळात तिन्ही पायऱ्यांवर पक्षाच्या चिन्हावर निवडणूक होते, पश्चिम बंगालमध्ये 1978 पासून. केरळात स्थानिक संस्थांसाठी पक्षांतरबंदीचा कायदाही 1999 पासून आहे. पेडणेच्या वहिनींनी लिहिलेला सरपंचांचा खेळ तिथे एवढा सोपा नाही. पक्ष असतोच, मग तो झाकून का ठेवायचा? उघड असला तर पाच वर्षांनी जाब विचारता येतो. आता पॅनेल फुटलं की सगळे हात झटकतात, "आम्ही अपक्ष होतो."

पेडणेची वहिनी

केरळचं मान्य. पण बंगालचं उदाहरण देताना 2018 आठवा. तिथल्या पंचायतीत एक तृतीयांशाहून जास्त जागा बिनविरोध गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चिन्ह खालपर्यंत गेलं की दुसऱ्या चिन्हाच्या माणसाला अर्जच भरू द्यायचा नाही, हेही खालपर्यंत जातं. लहान गावात संध्याकाळी त्याच पाणवठ्यावर भेटायचं असतं.

निवृत्त ग्रामसेवक, संगमेश्वर

बिनविरोधाचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे देवळात गावकी बसते, मानकरी बोलतात, नावं ठरतात. ज्या गावात सगळ्या वाड्यांना विचारून हे होतं तिथे मी त्याचं चांगलं फळ पाहिलंय. भांडण नाही, खर्च नाही. पण बायकांना आणि खालच्या वाडीला बैठकीत बोलावलंच नसेल तर ते एकमत कुणाचं? आणि याच वाटेने पैसाही शिरतो. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं. कोकणात असं होऊ नये असं वाटत असेल तर बैठक देवळात घ्या, पण दार उघडं ठेवून घ्या.

लांजेकर

नोटाबद्दल, म्हणजे "वरीलपैकी कुणीही नाही" या बटणाबद्दल, कुणी लिहिलं नाही. इथेही नियम जागेप्रमाणे वेगळा आहे आणि त्यात आमच्या तालुक्याचा वाटा आहे.

लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांतही आधी तसंच होतं. आमच्या लांजा तालुक्यातल्या खावडीत 441 वैध मतांपैकी विजयी उमेदवाराला 130 आणि नोटाला 210 मतं पडली होती. अशी उदाहरणं पुणे आणि नांदेड जिल्ह्यांतही होती. त्यानंतर नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ठरवलं की स्थानिक निवडणुकीत नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचं, आणि तो पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे त्याच माणसाचं तेच बटण, पण विधानसभेला त्याचं वजन वेगळं आणि गावात वेगळं. दोन्ही पॅनेलं नको असलेल्या मतदाराला कुठल्याही पक्षात न मोडता बोलायची ही एकच जागा आहे. ती गावच्या निवडणुकीत जास्त धारदार आहे हे लोकांना सांगा.

शिक्षक, देवगड

पदवीधरांसाठी एक भर. विधान परिषदेचा कोकण पदवीधर मतदारसंघ पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. तिथे यंत्र नाही, चिन्ह नाही. नावापुढे पसंतीचे आकडे लिहायचे, 1, 2, 3, आणि तेही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच. बरोबरची खूण केली, सही केली की मत बाद. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, म्हणून गेल्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं धरू नका. दरवेळी चांगली शिकलेली माणसं मतदानाला येऊन परत जातात.

दाभोळकर, कुवेत

आम्हा बाहेरच्यांचं काय? मी भारतीय पासपोर्टवर आहे. नमुना 6-अ भरून गावच्या यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत, त्यालाही टपाली मत नाही. सैन्यातल्यांना आहे. आमच्या खाडीकाठच्या गावांतून घरटी एक माणूस बोटीवर किंवा आखातात असतो. पक्ष कुठला हा नंतरचा प्रश्न, आधी मत तरी द्यायला मिळू दे.

चाकरमानी, लालबाग

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. घर राजापूर तालुक्यात, नोकरी मुंबईत. गावच्या यादीत माझं नाव होतं, गेल्या वेळी "हा आपल्या बाजूचा नाही" म्हणून विरोधी पॅनेलने हरकत घेतली. घरपट्टी माझ्या नावावर, गणपतीला, शिमग्याला, पालखीला मी हजर. मी गावचा मतदार नाही का? शिवाय बायकोचं नाव गावातच, पण भलत्याच वाडीच्या प्रभागात दाखवलंय.

बीएलओ बाई, कुडाळ

मी शाळेत शिकवते आणि मतदार यादीचं काम करते, म्हणून दोन्हीचं सांगते.

पक्ष हे हरकतीचं कारण होऊच शकत नाही. तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात हे विचारायचा अधिकार मलाही नाही. पण 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. त्याचबरोबर हेही आहे की तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. तुमचं बिऱ्हाड कुठे, वर्षातला बहुतेक काळ कुठे, यावर ते ठरतं. मनाने तुम्ही गावचे आहात हे मला समजतं, माझे दोन्ही दीर तुमच्यासारखेच आहेत, पण घरपट्टीची पावती एकटी पुरणार नाही. आणि मुंबईतही नाव असेल तर ते सांगून एक कमी करा. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि खोटं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पत्ता बदलायचा तर नमुना 8. हरकतीचा नमुना 7 कुणी तुमच्याविरुद्ध दिला तर तुम्हाला नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. सुनावणीला जा, घरी बसू नका.

पत्नीच्या नावाचं वेगळं आहे. ग्रामपंचायतीची यादी म्हणजे विधानसभेचीच यादी, प्रभागांत विभागलेली. विभागताना अशी चूक होते, मुख्यतः वाडीचं नाव पत्त्यात नीट नसलं की. प्रारूप यादी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लागते, तेव्हा हरकत द्या, प्रभाग दुरुस्त होतो. पण विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही, आम्हालाही नाही आणि तहसीलदारांनाही नाही. दरवेळी लोक त्याच दिवसांत येतात आणि चिडतात.

चाकरमानी, लालबाग

समजलं बाई. मुंबईतलं नाव तपासतो. पत्त्यात वाडीचं नाव कसं लिहायचं? आमची वाडी महसुली नकाशावर वेगळ्या नावाने आहे.

बीएलओ बाई, कुडाळ

शेजारच्या घराची नोंद यादीत जशी आहे तशीच लिहा, अक्षर न अक्षर. घर क्रमांक ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावरचा द्या. आणि शेजाऱ्याचा मतदार क्रमांक अर्जासोबत लिहून द्या, म्हणजे घर कुठल्या भागात येतं ते तपासणाऱ्याला लगेच सापडतं.